लग्नाची २५ वर्षं आणि समुद्र: मालदीव, अंदमान का लक्षद्वीप?

होटगीरोडकर | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, धागा जरा घरगुती आहे, सांभाळून घ्या. फेब्रुवारीत आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. आमचा सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचा छोटा कारखाना, म्हणजे एप्रिल ते जून मान वर करायला सवड नसते आणि त्यानंतर उधारी गोळा करता करता दिवाळी येते, त्यामुळं २५ वर्षांत बायकोला समुद्र दोनदाच दाखवलाय. एकदा गणपतीपुळे (पोरगा तापानं फणफणला, लॉजवरच बसलो) आणि एकदा द्वारका (सासूबाई सोबत, समुद्राकडं पाठ करून प्रसादाची लाइन).

हल्ली ती मोबाईलवर ते पाण्यात खांबांवर बांधलेल्या खोल्यांचे व्हिडिओ बघत असते. एकदा विचारलं जायचं का, तर म्हणाली "बघायला काय पैसे पडतात का". तेव्हापासनं डोक्यात बसलंय.

दोघांचं मिळून बजेट ३ लाख, ओढूनताणून साडेतीन. दोघांनाही पोहता येत नाही. ती शुद्ध शाकाहारी, मी घराबाहेर काहीही. तिला न सांगता बुक करायचंय, सरप्राईज. मालदीव करावं का आपलं अंदमान-लक्षद्वीप बरं? मित्राला विचारलं तर म्हणला पाणीच बघायचंय तर इथं जवळ हिप्परग्याच्या तलावाला जा, भजी खा, परत ये.

उजनी_फुल्ल | २४ नोव्हेंबर, रात्री १०:५२

मित्र बरोबर बोलला. कंबर तलाव अजून जवळ, पेट्रोलपण वाचतंय.

कडकभाकरी | २४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

काय बे उजनी, माणूस २५ वर्षांनी बायकोला फिरवतोय आन तू कंबर तलाव दाखवलालास.

चादरवाला | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

होटगीरोडकर, मी दोन वर्षांमागं गेलोय, एका यार्नवाल्यानं डीलर लोकांना नेलं होतं, त्यामुळं पहिल्या वेळी खर्च शून्य. मग हावरटासारखं दुसऱ्या वेळी बायकोला स्वतःच्या पैशानं नेलं आणि तेव्हा कळलं की व्हिडिओत काय काय दाखवत नाहीत.

आधी हे समजून घ्या की मालदीव म्हणजे एक गाव नाही. जवळजवळ १२०० बेटं आहेत, त्यातल्या साधारण २०० बेटांवरच त्यांची माणसं राहतात, आणि रिसॉर्ट म्हणजे एक बेट एक हॉटेल. तुम्ही तिथं उतरलात की बाहेर पडून टपरीवर चहा पिऊ म्हणायची सोय नाही. टपरीच नाही. पाण्याची बाटलीसुद्धा ते देतील त्या भावात. त्यामुळं रूमचा रेट बघून उड्या मारू नका. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, मग १७ टक्के त्यांचा जीएसटी, मग ग्रीन टॅक्स म्हणून माणशी रोज १२ डॉलर, आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे ट्रान्सफर. विमान उतरतं ते हुलहुले बेटावर, तिथनं रिसॉर्टपर्यंत एकतर स्पीडबोट नाहीतर सीप्लेन. सीप्लेनला माणशी जाऊन-येऊन ४००-५०० डॉलर सहज जातात, वर सामान २० किलो आणि हातात ५ किलोच, आणि ते फक्त दिवसाउजेडी उडतं. म्हणजे तुमची फ्लाइट संध्याकाळी पोचली तर रात्र राजधानी मालेच्या साइडला काढा, ते हॉटेल वेगळं. स्पीडबोटीच्या अंतरातलंच रिसॉर्ट घ्या.

आता खरी गोष्ट. रूममध्ये शिरलो तर बेडवर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. बायको म्हणली किती गोड. मी पहिलं काय केलं तर एका हंसाची मान सोडवली आणि टॉवेल हातात घेऊन पाइल (वरची लव) बघितला. ५०० जीएसएम (कापडाचं वजन) असेल, डबल यार्न, काठाला शिलाई एक नंबर. लेबल बघतो तोवर दुसरा हंसपण बायकोनं माझ्या डोक्यात मारला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ३० वर्षं घातल्यावर माणूस हनिमूनच्या बेडवरपण जीएसएमच बघणार, त्याला इलाज नाही.

शेंगाचटणी | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

मग टॉवेल कुठला होता ते तर सांगा.

चादरवाला | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

लेबल कापलेलं होतं.

नीलाक्षी_जुळेसोलापूर | २५ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

मी जरा वेगळं सांगते. ३ लाखांत सगळे दिवस वॉटर व्हिला (पाण्यावरची खोली) विसरा, पण लोकल बेटावर राहून मालदीव आरामात होतं. पहिलं रिसॉर्ट १९७२ सालचं, पण गावातल्या माणसांना त्यांच्या बेटांवर गेस्टहाऊस काढायची परवानगी मिळाली ती २००९-१० च्या आसपास, त्याआधी टुरिस्ट वेगळे आणि गावकरी वेगळे. आम्ही माफुशी बेटावर राहिलो. मालेहून सरकारी फेरीनं दीड तास, अगदी चिल्लर तिकीट, पण शुक्रवारी फेरी बंद असते (त्यांचा रविवार तो). स्पीडबोटीला अर्धापाऊण तास आणि २५ डॉलरच्या आसपास. ५० पेक्षा कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसला ग्रीन टॅक्सपण निम्मा, ६ डॉलर.

माफुशीत छोटे रस्ते, शाळा सुटल्यावर पोरं सायकलीवर, संध्याकाळी बायका बाहेर बसून गप्पा मारतात, अगदी आपल्या पेठेसारखं. समुद्राच्या नाक्यावर वाण्याचं दुकान. मला ते रिसॉर्टपेक्षा जास्त आवडलं. तिथनं एक दिवस डे-पास काढून शेजारच्या रिसॉर्टला जायचं, लंच, स्विमिंग पूल, फोटो काढून परत.

काही नियम मात्र आहेत. लोकल बेटावर दारू अजिबात मिळत नाही, फक्त रिसॉर्टवर. गावात फिरताना अंगभर कपडे, पोहायच्या कपड्यांसाठी बीचचा भाग वेगळा आखून दिलेला असतो. रमजान कधी येतोय ते बघूनच तारीख ठरवा, दिवसा गावातली हॉटेलं बंद असतात. व्हिसा आधी काढावा लागत नाही, पोचल्यावर फुकट मिळतो, फक्त निघायच्या ९६ तासांच्या आत त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, आयमुगा नाव त्याचं.

उजनी_फुल्ल | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:०३

दारू नाही म्हणल्यावर धागा इथंच संपला.

नेटकेचबोला | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

माफुशीत त्यांचं मोठं जेलपण आहे. अंदमानला जेल बघायला जातात, इथं जेलच्या शेजारी मुक्काम.

डॉ_सातरस्ता | २५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

जेलवरनं बोलायचं तर मी अंदमानच्या बाजूचा. पासपोर्ट नको, डॉलर नको, सगळीकडं हिंदी चालतं, डाळभात-भाजी कुठंही मिळते आणि ३ लाखांत दोघांचं ८ दिवस राजासारखं होऊन वर पैसे उरतील. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, त्यामुळं बुकिंग करताना गोंधळ होतो, जुनी-नवी दोन्ही नावं लक्षात ठेवा. स्वराज द्वीपच्या राधानगर बीचवर पाय ठेवलात की मालदीव वगैरे विसराल. आणि फेब्रुवारी म्हणजे समुद्र शांत.

मी आईवडिलांना घेऊन गेलो होतो. सेल्युलर जेलच्या मूळ सात पाकळ्या, आता तीनच उरल्यात. वडील सावरकरांच्या कोठडीसमोर उभे राहिले ते ठीक, पण फाशीघराच्या दारात आई एकदम म्हणाली "आपल्या चौघांना येरवड्यात असंच नेलं असेल". सोलापूरचे चार हुतात्मे, १२ जानेवारी १९३१. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. आमच्या गाइडला ही नावं माहीत नव्हती, आईनं त्याला उभं करून सोलापूरच्या मार्शल लॉची पूर्ण गोष्ट सांगितली, मागं ३० लोकांचा बंगाली ग्रुप थांबून ऐकत होता. रोज पार्क चौकातल्या पुतळ्यांवरनं जातो आपण, आणि आठवण झाली ती समुद्र ओलांडल्यावर.

एक तोटा सांगतो. घड्याळ आपलंच पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळं साडेपाचला अंधार पडायला लागतो. सोलापूरच्या माणसाला संध्याकाळी साडेपाचला रात्र म्हणजे जेवणाचं गणितच बिघडतं.

कडकभाकरी | २५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

डॉक्टर, आईंना नमस्कार सांगा.

बाळेवेसकर | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

लक्षद्वीपचं कोणीच का बोलत नाही? २०२४ च्या जानेवारीत तर सगळे बॅगा भरून बसले होते. त्या मालदीवला कशाला आपले पैसे द्यायचे, त्यांनी काय काय बोललं ते विसरले का सगळे

ॲडमिन_नवीपेठ | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:४१

राजकारण नको. प्रवासाचं बोला.

सागरकिनारी_पंढरपूर | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

लक्षद्वीप मी केलंय, जहाजानं. ३६ बेटं, वस्ती फक्त १० वर, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे एवढ्यात आपलं शहरपण मावणार नाही. भारतीय असलात तरी परमिट लागतं. विमान कोचीहून अगत्तीला, धावपट्टी छोटी त्यामुळं विमानपण छोटं आणि तिकीट पटकन संपतात. जहाज कोचीहून १४ ते १८ तास. आमच्या केबिनमधले एक गृहस्थ कोचीची खाडी ओलांडायच्या आत उलट्या करायला लागले ते कवरत्ती येईपर्यंत.

पाणी मालदीवसारखंच. सारखंच म्हणजे खरोखर एकच, समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेवर ही दोन्ही बेटं आहेत, आणि आपल्या मिनिकॉय बेटावर जी भाषा बोलतात ती मालदीवच्या धिवेहीचीच बहीण. पण हॉटेलच्या खोल्या मोजक्या, सर्व्हिस सरकारी थाटाची, दारू फक्त बंगारमला. साधं राहायची तयारी असेल तर स्वर्ग. २५ व्या वर्षाचं सरप्राईज म्हणून बायकोला बंकवर झोपवणार असाल तर तुमची जबाबदारी.

शेंगाचटणी | २६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

एक बेसिक प्रश्न. एवढाल्या बेटांवर प्यायचं पाणी कुठनं येतं? नदी नाही धरण नाही.

जीवशास्त्राचेसर | २६ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

चांगला प्रश्न. मालदीवमध्ये पावसाचं पाणी साठवतात, पण मुख्य म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करायचे प्लांट. २०१४ च्या डिसेंबरमध्ये मालेच्या प्लांटला आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले, तेव्हा भारतानं विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं होतं. ऑपरेशन नीर.

लक्षद्वीपची पद्धत मला जास्त आवडते. कवरत्तीला २००५ पासून एक प्लांट आहे, आपल्याच शास्त्रज्ञांनी केलेला. वरचं समुद्राचं पाणी कोमट असतं, ते हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की कमी दाबामुळं तेवढ्या उष्णतेवरच त्याची वाफ होते, आणि खाली साडेतीनशे मीटरवरनं पाइपनं गार पाणी वर आणून त्यावर ती वाफ थंड करायची. गोडं पाणी तयार. रोज १ लाख लिटरचा तो प्लांट.

कडकभाकरी | २६ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

म्हणजे अख्ख्या देशाला टँकर गेला

लातूरची_सून | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

हसू नका, आमच्या माहेरी २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आईनं त्या पाण्याची एक बाटली देवघरात ठेवली होती कितीतरी दिवस.

होटगीरोडकर | २६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

चारी बाजूनं समुद्र आणि नळाला रोज पाणी, आणि आमच्याकडं उजनी धरण शंभर टक्के भरलं की लोक फोटो काढून येतात आणि नळाला चार-पाच दिवसांनी. आज पाण्याचा दिवस होता, रात्री साडेबाराला येणार म्हणे. जागा आहे म्हणूनच टाइप करलालोय.

उजनी_फुल्ल | २६ नोव्हेंबर, रात्री १०:३५

उजनीच्या समांतर पाइपलाइनचं पाणी नळाला आलं की बघा. विमान पण होणार नाही म्हणत होते, झालंच की. आता गोव्याला डायरेक्ट, मुंबईला डायरेक्ट. विमानाच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडली नसती तर

बाळेवेसकर | २६ नोव्हेंबर, रात्री १०:३७

चिमणी पाडायलाच नको होती!

ॲडमिन_नवीपेठ | २६ नोव्हेंबर, रात्री १०:३९

चिमणीचा धागा वेगळा आहे, ४१२ प्रतिसाद झालेत, तिकडं जा दोघं. पुढचा चिमणीवाला प्रतिसाद उडवणार.

सौ_मंगळवेढा | २७ नोव्हेंबर, दुपारी २:१०

व्हेजचं कोणी नीट सांगितलंच नाही म्हणून लिहिते. मालदीवचा नाश्ता म्हणजे मस हुनी, वाटीत खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू दिसतं आणि आपल्याला वाटतं अरे वा कोशिंबीर. ती टूना माशाची असते. माझ्या जाऊबाईंनी दोन घास खाल्ले आणि मग मला विचारलं यात शेंगदाण्याचा कूट आहे का. मी सांगितलं नाही अजून, हा धागा त्या वाचत नाहीत. सोबत रोशी देतात, ती म्हणजे आपली पोळीच, फक्त जरा जाड. तेवढी सांगून मागायची.

रिसॉर्टवर बुफेत दाल, भात, एखादी पनीरची भाजी मिळते, कुक बरेचदा आपल्याकडचेच असतात. लोकल बेटावर थोडं मर्यादित. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेते कुठंही गेले तरी, कडक भाकरी महिनाभर टिकते, वजनाला हलकी, आणि चुरून त्यावर दही घातलं की जेवण झालं. मंगळवेढ्याची ज्वारी हिंदी महासागरात खाल्ली आहे मी.

एक लक्षात ठेवा, तिथं पूजेच्या मूर्ती न्यायला मनाई आहे, कस्टमला अडवू शकतात. दारूची बाटलीपण नाही न्यायची.

कडकभाकरी | २७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

माझ्या नावाचा उल्लेख आल्याबद्दल आभारी आहे 🙏

तुळजापूरनाका | २७ नोव्हेंबर, रात्री ११:००

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. आमची आजी आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवार-शुक्रवार जोगवा. लहानपणी तिला विचारायचो ही कवडी कुठनं येते, तर म्हणायची "आईच्या दारातनं".

पुढं कॉलेजात इतिहास घेतला तेव्हा कळलं की शेकडो वर्षं हिंदुस्थानात ज्या कवड्या चलन म्हणून चालल्या त्यांचं मोठं आगर म्हणजे मालदीव. इब्न बतूता १३४३ च्या सुमारास तिथं काझी होता, त्यानं लिहून ठेवलंय की लोक समुद्रातनं कवड्या गोळा करतात, आतलं मांस सडून जाईपर्यंत खड्ड्यात पुरतात आणि बंगालच्या लोकांना तांदळाच्या बदल्यात विकतात. आजीच्या माळेतली नेमकी कुठली ते देवीलाच ठाऊक, पण सोलापुरापासून ४५ किलोमीटरवर, तुळजापुरात, प्रत्येक आराध्याच्या गळ्यात समुद्र आहे आणि आपण म्हणतो आपला आणि समुद्राचा काय संबंध.

होटगीरोडकर, तिथं कवडी-शंख-कोरल दिसलं तरी उचलून आणू नका मात्र. मनाई आहे, बॅग तपासतात.

डॉ_सातरस्ता | २७ नोव्हेंबर, रात्री ११:१५

हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला पाहिजे.

जीवशास्त्राचेसर | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:००

तुळजापूरनाका, सुंदर. त्यात माझी एक भर. ती पांढरीशुभ्र वाळू, जिच्यावर सगळे अनवाणी फोटो काढतात, तिचा मोठा वाटा पोपटमाशाची विष्ठा आहे. हा मासा चोचीसारख्या दातांनी मेलेलं कोरल कुरतडतो, शेवाळ पोटात ठेवतो आणि चुरा मागच्या दारानं सोडतो.

उजनी_फुल्ल | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

सर, सकाळी सकाळी. आणि हे ३ लाख देऊन.

अशोकचौक_अक्का | २८ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

पोहता येत नाही याला घाबरू नका. मलापण येत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या पायरीच्या खाली कधी उतरले नव्हते. लाइफ जॅकेट घालून, तोंडात ती नळी धरून, पोट पाण्यावर टाकायचं, बुडतच नाही माणूस. पहिली पाच मिनिटं मी गाइडच्या दंडाला असे नखं रुतवले की त्याचे वळ उठले. मग खाली बघितलं आणि सगळं विसरले. कासव. एवढं मोठं, आमच्या मागाच्या फणीएवढं रुंद, आरामात गवत खात बसलेलं.

फक्त एक, किनाऱ्यापासनं कोरलचा कट्टा संपतो तिथं एकदम खोल होतं, निळं काळं. पोहता न येणाऱ्यांनी त्याच्या आतच राहायचं. आणि कोरलवर उभं राहायचं नाही, पाय कापतो आणि ते मरतंसुद्धा.

आणि हो, बोटीला तिथं धोनी म्हणतात. आमच्या ह्यांनी प्रत्येक नावाड्याला "धोनी, फिनिश इट" म्हणून छळलं.

प्राजक्ता_विजापूररोड | २८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सगळा धागा वाचला. एवढ्या प्रतिसादांत एकानंही विचारलं नाही की होटगीरोडकर वहिनींना काय पाहिजे. मुळात सरप्राईज जमणारच नाही, पासपोर्टला फोटो, सही, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं त्यांचंच लागणार, की ते पण झोपेत उरकणार? (पासपोर्ट आता पोस्टातल्या केंद्रात होतो, पुण्याला पळायला नको.) दुसरं म्हणजे बाईला आठवडाभर घर सोडायचं तर किती गोष्टी लावाव्या लागतात. दूधवाला, पाण्याचा दिवस, सासूबाईंच्या गोळ्या. माझ्या नवऱ्यानं मला गोव्याचं सरप्राईज दिलं, मी चार दिवस बीचवर बसून टाकी कोण भरेल याचा विचार करत होते.

सांगून टाका. प्लॅनिंगची मजा तिचीपण आहे.

सौ_मंगळवेढा | २८ नोव्हेंबर, रात्री ८:४५

+१००

चादरवाला | २८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

बरोबर आहे. आणि एक प्रामाणिकपणे सांगतो, रिसॉर्टवर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मला जाम कंटाळा आला. बेट चालत फिरायला १२ मिनिटं. मी ७ वेळा फिरलो. बायको मात्र पाण्यात पाय सोडून बसली ती बसलीच, मी विचारलं काय बघतेस, तर "काही नाही". माणसानुसार आहे ते. घड्याळपण तिकडं आपल्यापेक्षा अर्धा तास मागं, आणि काही रिसॉर्टं स्वतःचं घड्याळ वेगळंच एक तास पुढं लावतात, त्यामुळं मला किती वेळ कंटाळा आला तेसुद्धा नीट मोजता येईना.

होटगीरोडकर | ३ डिसेंबर, रात्री ११:३०

सांगितलं. म्हणजे सांगावं लागलं, लॅपटॉपवर हाच धागा उघडा राहिला आणि तिनं पहिल्या पोस्टपासनं वाचला. सासूबाईंच्या प्रसादाच्या लाइनवर दोन दिवस अबोला होता.

मग परवा जेवताना आपणहून म्हणाली, त्या पाण्यातल्या खोलीत नको. का तर म्हणे खाली रात्रभर पाणी वाजत असेल, टाकी भरून वाहतीये असं वाटून मला झोप लागायची नाही. मी म्हणलं मग व्हिडिओ का बघतेस, तर म्हणे व्हिडिओचा आवाज बंद ठेवते.

पण मालदीवच पाहिजे. अंदमान पुढच्या वर्षी आई-अण्णांना घेऊन, हे पण तिनंच ठरवलं, डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून. आता ३ रात्री माफुशी आणि २ रात्री स्पीडबोटीचं रिसॉर्ट, खोली वाळूवरची. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथनं डायरेक्ट माले. गड्डा यात्रा झाली की तयारीला लागतो.

प्राजक्ता_विजापूररोड | ४ डिसेंबर, सकाळी ९:००

वहिनींना इथं सदस्य करून घ्या. तुमच्यापेक्षा चांगलं लिहितील.

नीलाक्षी_जुळेसोलापूर | ४ डिसेंबर, सकाळी ९:४०

प्लग ब्रिटिश टाइप तीन चौकोनी पिनांचा असतो, ॲडाप्टर न्या. डॉलर छोट्या नोटांत ठेवा. एजंटकडनं पॅकेज घेतलं तर टीसीएस म्हणून आगाऊ टॅक्स घेतील, रिटर्न भरताना वळता करून घ्या, सीएला सांगायला विसरू नका.

होटगीरोडकर | २ मार्च, रात्री १०:१५

मंडळी, जाऊन आलो. मोठं लिहायचं होतं पण सीझन सुरू झालाय, शाळांची मापं घेणं चालू आहे, म्हणून आठवेल तसं.

विमान उतरताना खाली निळ्या साडीवर पांढऱ्या काठाचे गोल गोल ठिपके टाकल्यासारखं दिसतं, हे तिचं वाक्य. माफुशी तिला फार आवडलं. गेस्टहाऊसच्या मालकिणीशी हिची भाषा एक नाही तरी दोघी तासभर बोलत होत्या, त्या बाईला हिंदी सिरियलमुळं थोडं हिंदी येत होतं. हिनं तिला शेंगाचटणी दिली, तिनं खाल्ली आणि डोळ्यात पाणी आलं तरी हसत राहिली. अक्का, पाण्यात उतरलो दोघं, जॅकेट घालून. मी तीन मिनिटांत बाहेर. ही ४० मिनिटं. गाइड मला विचारतोय मॅडम पहिल्यांदाच का.

किनाऱ्याला गुडघाभर पाण्यात शार्कची पिल्लं फिरतात, काळ्या टोकाचे पंख. माणसाला काही करत नाहीत म्हणे. मी तरी खुर्ची मागं घेतली.

भुर्दंड पण बसला. डॉल्फिन दाखवतो म्हणून एका बोटवाल्यानं १ तास फिरवलं, डॉल्फिन नाही, पैसे परत नाही, वर म्हणतो उद्या या. रिसॉर्टवर मी एक साधा चहा बिलावर घेतला, त्याचे पैसे इथं लिहीत नाही, उजनी_फुल्ल जन्मभर ऐकवेल.

आणि रिसॉर्टला पोचलो तर वाळूवरची खोली भरलेली होती, त्यांनी फुकटात पाण्यावरची दिली. मी खूश, ही गप्प. रात्री दीड-दोनला जागा झालो तर ही दार उघडून बाहेर डेकवर उभी. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "मोटार बंद करायला उठले होते."

मग झोपलोच नाही. डेकवरच बसलो उजाडेपर्यंत.

लातूरची_सून | २ मार्च, रात्री १०:३०

❤️

उजनी_फुल्ल | २ मार्च, रात्री १०:३१

चहा किती? 

कडकभाकरी | २ मार्च, रात्री १०:४०

घरी आल्यावर पाण्याचा दिवस हुकला का नाही ते सांगा आधी

होटगीरोडकर | २ मार्च, रात्री १०:४४

हुकला. टँकर मागवला.

चादरवाला | ३ मार्च, सकाळी ७:१५

बाकी सगळं ठीक. टॉवेल बघितला का?

होटगीरोडकर | ३ मार्च, सकाळी ७:५०

बघितला. हंस नव्हता, हत्ती होता. हिनं मला हात लावू दिला नाही, दोन्ही दिवस दुसऱ्या टॉवेलनं अंग पुसलं. निघताना सोंड हळूच उलगडून बघितली.

लेबल कापलेलं.